ये रं हैबतराव

रोह्यापासून वडखळपर्यंत कुठल्याही टपरीवर जा आणि नुसतं "ये रं" म्हणा. तोंडातला वडा गालात सारून चार पोरं "हैबतराव" म्हणून ओरडतील. इतकं ते गाणं चाललं. तुम्हाला वाटेल, हे गाणारा साहिल गावात कसा छाती काढून फिरत असेल. फिरत होता की! पण आता ते दोन शब्द कानावर पडले की पोरगा मान खाली घालतो आणि स्वतःच्या चपलेकडं बघत बसतो. तर ते कसं झालं ते ऐका.

साहिल पेणजवळच्या खारातला, म्हणजे खाडीला बांध घालून काढलेल्या जमिनीवरच्या गावातला. बाप शिवा, त्याची अर्धी हयात मिठागरात गेली आणि मिठागर बंद पडल्यावर डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडं लागला. आई चंद्रावती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भट येतो तो नंतर, आधी येते धवलारीण. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, देवांना बोलावते, गावदेवीला बोलावते, आणि त्या घरातलं जे माणूस मेलेलं असेल त्यालाही नाव घेऊन हळदीला बोलावते. चंद्रावतीचा आवाज असा, की तिनं हाक मारली तर मेलेलं माणूस येईल का नाय ते देव जाणे, पण जिवंत माणूस जागचं हलत नाय.

आता हा साहिल पेणच्या कॉलेजात गेला आणि गिटार शिकला. तिथंच त्याला हमझा भेटला. हमझाचा बाप कुवेतला, म्हणून घरात ड्रमसेट. बाप घरी असता तर ड्रमसेट नसता. तिसरी म्हणजे दिशा, जोह्याची पोरगी. तिच्या बापाचा गणपतीचा कारखाना. ती मोठी गिटार वाजवायची, ती जाड तारांची, पोटात घुमते ती. बँडचं नाव ठेवलं 'खाजण', खाडीकाठच्या दलदलीवरून. आधी साहिलनं एक इंग्रजी नाव काढलं होतं, पण ते हमझाला बोलता येईना आणि दिशाला लिहिता येईना, म्हणून सोडलं.

तालमी जोह्यात, कारखान्यातच. एका अंगाला पांढरेफटक गणपती ओळीनं रंगाची वाट बघत बसलेले आणि दुसऱ्या अंगाला हे तिघं धडाडधूम करतायत. दिशाचा बाप डोळ्यांची आखणी करता करता ओरडायचा, "अरं बाबांनो, जरा हलू! माझ्या मूर्तींचे कान मोठे हायत."

पहिला कार्यक्रम कॉलेजच्या गॅदरिंगला झाला. साहिलनं कपाळावर केस सोडून इंग्रजी ढंगाचं काहीतरी गायलं. दुसरं गाणं संपेपर्यंत निम्मी पब्लिक वडापाव खायला गेली आणि उरलेली निम्मी त्यांच्या बॅगा राखत होती. हमझा म्हणाला, "भाई, आपण लोकांना भूक लावतो, हेही काय कमी हाय?"

त्याच सुमाराला साहिलच्या शेजारच्या घरी हळद होती. धोंडुबाईच्या पोरीची, दिपिकाची. दिपिकाचा बाप हैबतराव. साहिल शाळेत असताना उधाणात बंधाऱ्याला खांड पडली, खाडीचं पाणी शेतात घुसायला लागलं, तेव्हा जी माणसं माती टाकायला धावली त्यांत हैबतराव सगळ्यात पुढं होता. बांध वाचला, शेतं वाचली. त्याला मात्र पाण्यानं ओढून नेला.

तर हळदीला मांडवात त्याच्या नावाचा मोकळा पाट मांडला. चंद्रावती पाटासमोर बसली आणि तिनं हाक घातली,

"ये रं ये रं हैबतराव,
सोन्याच्या पावली ये.
बांध सोडून, खाडी सोडून
लेकीच्या हलदीला ये."

पहिली हळद त्या पाटाला लावली. मांडवातल्या बायका रडल्या. बाहेर पत्ते कुटत बसलेले पुरुषही पत्ते खाली ठेवून गप झाले. साहिलनं ते सगळं मोबाईलवर घेतलं. त्याच्याही मानेवर काटा आला होता. तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हतं, हे सांगायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यानं ते दोघांना ऐकवलं. हमझानं नकळत ठेका धरला. दिशानं खालून तार छेडली आणि साहिल ओरडला, "ये रं हैबतराव!" पत्रे हादरले. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. हेच ते. मग पुढची ओळ घेतली तर गाडी अडली.

"हे 'लेकीच्या हलदीला'चं शेपूट लांब होतंय," हमझा म्हणाला. "ठेक्यात बसत नाय."

"काप मग," साहिल म्हणाला.

"अरे, पण मग तो कशाला येतोय ते कळत नाय," दिशा म्हणाली.

"कळायला कशाला पायजे? रॉक हाय!"

कापलं शेपूट. बांध गेला, खाडी गेली, लेक गेली, हळद गेली. उरला नुसता "ये रं हैबतराव".

आणि काय सांगू, गाणं उधळलं. पेणला गणपतीत वाजलं, वडखळला वाजलं, अलिबागच्या समुद्रावर वाजलं. पोरं मोबाईलवर त्याचे व्हिडिओ करायला लागली. अलिबागला एक पोरगा गर्दीतून पुढं आला, हातात बाटली, पाय वेडेवाकडे टाकत, झुलत झुलत, जणू "ये रं हैबतराव" म्हणून कुणीतरी गुत्त्यातल्या दोस्ताला हाक मारतंय. लोक हसून हसून लोळले. स्टेजवरून साहिलनं ते बघितलं.

तिथं त्यानं गप बसायला पाहिजे होतं, नाहीतर गाणं थांबवायला पाहिजे होतं. त्यानं यातलं काही केलं नाय. तो हसला. आणि पुढच्या कार्यक्रमाला त्यानं स्वतःच पाण्याची बाटली हातात घेतली, मिशीवरून हात फिरवल्यासारखा केला आणि झोकांड्या देत स्टेजभर फिरला. पब्लिक वेडी झाली. त्यानंतर दर ठिकाणी तेच. मिशाळ दारुड्याचं चित्र असलेले टी-शर्ट निघाले. रस्त्यात कोण धडपडला की लोक म्हणायला लागले, "सांभाळ रे हैबतराव!"

चंद्रावतीला आधी कौतुक होतं. मासळी बाजारात सांगायची, "माझा धवला पोऱ्या सगलीकडं नेतंय गो." मग एका कोळणीनं तिला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्या दिवशी तिनं साहिलला ताट वाढलं आणि समोर बसली नाय.

"आये, बोल की कायतरी."

"मी काय बोलू? मी हाक मारते तवा आधी पाट मांडते. तू पाट मांडलास?"

"आये गो, ते गाणं हाय नुसतं. लोकांना काय म्हाईत हैबतराव कोण ते?"

"लोकांना नाय म्हाईत. तुला म्हाईत हाय ना? का इसरलास?"

शिवा ओट्यावर होता. त्यानं सगळं ऐकलं आणि तो उठून अंगणात गेला. कंपनीच्या बसमध्ये शिफ्टची पोरं रोज तेच गाणं लावत होती. त्या उधाणात बांधावर हैबतरावच्या शेजारी उभा असलेला हा माणूस रोज खिडकीतून बाहेर बघत बसत होता. घरी तो एक शब्द बोलला नव्हता. साहिलला हे हमझाकडून कळलं. हमझाचा चुलतभाऊ सलमान भाड्यानं ईको गाडी चालवायचा आणि कंपनीतल्या पोरांत उठबस होती त्याची. बाप बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं असं साहिलला झालं.

मग दिपिकाचा फोन आला. ती लग्न करून रोह्याला गेलेली.

"साहिल, रोह्याला कार्यक्रम हाय ना तुझा?"

"हाय. येणार ना तू?"

"मी नाय येत. माझा छोटा दीर मला आवाज देतो, हैबतरावची पोरगी आली, बाटल्या लपवा. सगळे हसतात. मी पण हसते. काय करणार?" मग आवाज खाली करून म्हणाली, "मला हसले तर हसू देत. पण आईला कळता कामा नाय. तिच्याकडं साधा फोन हाय, तिनं काय बघितलेलं नाय. तिला वाटतं तू बाबांच्या नावानं आरतीसारखं कायतरी गातोस. चार बायकांत सांगते ती. तेवढं मोडू नकोस."

"नाय मोडणार. आईशप्पथ."

 कारखान्यात जाऊन त्यानं दोघांना सांगितलं. दिशा म्हणाली, "रोह्याला ते गाणं घेऊच नको." हमझा म्हणाला, "मी तर बोलतो कायमचं बंद कर." पण रोह्याला मुंबईहून रेकॉर्डिंगवाला माणूस येणार होता, आणि तो येणार होता ते हैबतराव ऐकायला. "एकदाच," साहिल म्हणाला. "रोह्याला शेवटचं. धोंडुकाकी काय रोह्याला येत नाय."

आणि दुसऱ्या सकाळी धोंडुकाकी दारात उभी. नवं लुगडं, केसांना तेल, आणि कापडात गुंडाळलेलं कायतरी काखेत.

"पोरा, रोह्याला तुझं गाणं हाय म्हणं? मना ने."

साहिलच्या तोंडचं पाणी पळालं. "काकी, लांब हाय. गर्दी असते. आवाज लय मोठा, तुमचं डोकं दुखंल."

"माझ्या डोक्याला काय होतंय? मिठागरात उन्हात गेलं ते." तिनं कापड सोडलं. आत हैबतरावचा फोटो. काच पुसून लख्ख केलेली. "ह्यांना स्टेजवर ठेवशील? कोपऱ्यात चालंल. हार मी आनते. इतकी माणसं नाव घेतात, तर दिसूदेत ना हे कोन ते."

चंद्रावती आतल्या दारातून बघत होती. ती साहिलकडं बघत होती, काकीकडं नाय. साहिलला म्हणता आलं असतं, काकी, येऊ नका, मी घाण केलीय. शब्द पार ओठापर्यंत आले होते. पण तो म्हणाला, "स्टेजवर वायरी असतात, काकी. फोटो तुमच्याजवळच ठेवा. सलमानची गाडी पाठवतो."

आणि मग त्यानं डोकं चालवलं. चांगल्या कामाला जे डोकं चाललं नाय, ते इथं चाललं. हैबतराव नेहमी शेवटी व्हायचं, ते त्यानं पहिलं ठेवलं. कार्यक्रम भर दुपारी सुरू होणार. सलमानला सांगितलं, "काकीला सावकाश आण. वडखळला चहा पाज, नागोठण्याला वडा खिलव, कुठं देऊळ दिसलं तर दर्शन घडव."

"मी ईको चालवतो की बैलगाडी?" सलमान म्हणाला.

"बैलगाडी समज."

म्हणजे काकी पोचेपर्यंत गाणं उरकलेलं असणार. मग तिच्यासमोर दुसरी गाणी गायची, मध्ये हैबतरावांचं नाव घेऊन दोन चांगले शब्द बोलायचे, मुंबईवाला खूश, काकी खूश, दिपिकाचीही शपथ राहिली. सगळं कसं बेतशीर!

पण रोह्याच्या त्या मैदानावर पाहुणे यायचे होते. पाहुण्यांशिवाय कुठला कार्यक्रम सुरू होतो? पाहुणे आले उशिरा, मग शाल आली, श्रीफळ आलं, मग पाहुण्यांनी तरुण पिढीवर भाषण केलं आणि ते तरुण पिढीला काही केल्या सोडीनात. साहिल स्टेजमागं घामानं भिजला. सलमानला फोन लावला.

"कुठं हायस?"

"पोचलो की. काकी चहाच पिईना. म्हणते, ह्यांना ताटकळत ठेवायचं नाय. पुढं बसवलंय, अगदी पहिल्या रांगेत. व्हीआयपी!"

साहिलनं पडद्याच्या फटीतून बघितलं. पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या बायकांच्या शेजारी धोंडुकाकी बसली होती. मांडीवर फोटो उभा धरलेला, तोंड स्टेजकडं. त्यांना दिसावं म्हणून.

"दिशा, क्रम बदल. हैबतराव नाय घ्यायचं," तो म्हणाला. पण त्यानंच दिलेला कागद निवेदकाच्या हातात होता आणि तो माईकवर किंचाळत होता, "आणि पहिलंच गाणं, ज्याची तुम्ही सगळे वाट बघताय..." मैदानानं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाय. "है-ब-त-राव! है-ब-त-राव!"

काकीनं मागं वळून बघितलं. एवढी पोरं तिच्या नवऱ्याचं नाव घेतायत. तिचा चेहरा असा उजळला, की साहिलला ते बघवेना. शेजारच्या बाईला ती फोटो दाखवत होती. हेच ते, असं सांगत असणार.

साहिल माईकपाशी गेला. बाटली त्यानं उचलली नाय. गिटार नुसती गळ्यात. त्यानं डोळे मिटले आणि आईच्या चालीत, सावकाश, सगळी ओळ म्हटली. बांध सोडून, खाडी सोडून, लेकीच्या हलदीला ये. त्याला वाटलं, असं गायलं तर लोक गप होतील. पण लोकांना वाटलं हा मुद्दाम ताणतोय, मज्जा करतोय. पोरं पुढं घुसली. ते टी-शर्ट घातलेली. एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर बसला, तोंडाला बाटली लावली आणि कलंडला. खालच्यांनी झेलला. दुसरा झुलत झुलत काकीच्या खुर्चीसमोरून गेला आणि तिच्या समोरच मुद्दाम धडपडला. "सांभाळ रे हैबतराव!" मागून आवाज आला आणि हशा पिकला.

काकीनं त्याच्या टी-शर्टवरचं चित्र बघितलं. मग मागच्या पोरांच्या छातीवरचं बघितलं. मग स्टेजकडं बघितलं. आणि तिनं मांडीवरचा फोटो हळूच फिरवला, तोंड आत, स्वतःच्या पोटाशी धरला आणि वर पदर घेतला.

साहिलनं हात वर केला. हमझाचा ड्रम थांबला. दिशाची तार थांबली.

"थांबा," साहिल म्हणाला. "ऐका. हैबतराव दारू पीत नव्हता."

मैदान फुटलं. इतका हशा त्या तिघांनी आयुष्यात कधी मिळवला नव्हता.

"मग काय पीत होता?" एक जण ओरडला.

"आमचा बाप पण पीत नाय!" दुसरा.

"खरं सांगतोय! तो माणूस बांधावर मेला..." पण कोण ऐकतंय? मैदान टाळ्या वाजवून ठेका धरत होतं आणि हजारभर घसे एका सुरात ओरडत होते, "हैबतराव दारू पीत नव्हता! हैबतराव दारू पीत नव्हता!" साहिल ओरडत राहिला, आणि तो जितका ओरडला तितकं त्यांना ते जास्त आवडलं. शेवटी हमझानं येऊन त्याच्या हातातला माईक काढून घेतला.

स्टेजमागं मुंबईवाला माणूस हात पुढं करून उभा. "काय लाइन टाकलीस यार! दारू पीत नव्हता! ती रेकॉर्डिंगमध्ये घ्यायचीच." दिशानं त्याच्याकडं बघितलं आणि ती गिटारच्या पिशवीची चेन लावायला लागली. पुढची गाणी झाली नायत. निवेदकानं पब्लिकला काय सांगितलं कुणास ठाऊक.

साहिलनं काकीला एकटं पाठवलं नाय. कसं पाठवणार? तो ईकोत तिच्या शेजारी बसला. ऊन अजून झाडांवर होतं. सलमान, ज्याची टकळी कधी बंद नसते, तो रस्त्याकडं बघून गाडी चालवत होता. नागोठणं मागं पडलं. 

शेवटी काकीच बोलली. "ते हसत व्हते ना रं?"

म्हणता आलं असतं, नाय काकी, पोरं खुशीत होती. सलमाननंसुद्धा आरशातून बघितलं, बोल काहीतरी चांगलं, अशा डोळ्यांनी.

"व्हय काकी. हसत व्हते."

"झिंगल्यावानी चालायचं, ते त्यांना कुनी शिकवलं?"

वडखळचा नाका आला. गाड्यांची रांग लागली होती. सगळे हॉर्न वाजवत होते.

"मी," साहिल म्हणाला. "स्टेजवर मीच करायचो तसं. लोकांना आवडतं म्हणून."

  नाका सुटेपर्यंत काकी समोरच्या ट्रकच्या पाठीकडं बघत होती.

"शिमग्याला पन घेत नव्हते कदी," ती म्हणाली. "लोक चिडवायचे त्यांना. बायलीला भितो म्हणायचे. हे हसायचे." मग पदर सावरत, "दिपिकाला सांगू नको मी बघितलं ते. तिला तिकडं नांदायचं हाय. तिला वाईट वाटंल."

 दिपिकाला सगळं ठाऊक होतं, ती रोज ते ऐकत होती, आणि तेही ह्या बाईला सांगायची सोय त्यानं ठेवली नव्हती.

"नाय सांगत," तो म्हणाला.

गाव आलं. गल्लीत गाडी थांबली. साहिल आधी उतरला, पळत पलीकडं गेला, दार उघडलं आणि काकीला उतरायला सोपं व्हावं म्हणून फोटो धरायला त्यानं दोन्ही हात पुढं केले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं फोटो काखेत घट्ट धरला, दुसऱ्या हातानं दाराचा आधार घेतला आणि एक एक पाय टाकत ती स्वतःच उतरली.